‘माझं गाव फर्स्ट क्लास’: फिलिपाइन्समध्ये नगरपालिकांना उत्पन्नावरून वर्ग देतात म्हणे!

दर्यावर्दी
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बोटीवरून लिहितोय, नेट कधी दगा देईल सांगता येत नाही. उत्तरांना उशीर झाला तर रागावू नका.

आमच्या क्रूमध्ये निम्म्याहून जास्त फिलिपिनो आहेत. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सामार बेटावरचा, माझ्या काकाच्या वयाचा, एकदम शांत गृहस्थ. परवा मेसमध्ये जेवताना त्याने फोनवर एक फोटो दाखवला. गावच्या चौकात भलामोठा फ्लेक्स, वर मेयरचा हसरा चेहरा, खाली मजकूर: आपली नगरपालिका आता फर्स्ट क्लास. मला वाटलं स्वच्छता स्पर्धेत नंबरबिंबर आला असेल. मी अभिनंदन केलं. तर म्हणाला (बोटीवर मला ‘सेकंड’ म्हणतात), "सेकंड, काही बदललेलं नाही. नळाला अजून दिवसाआड पाणी. फक्त वर्ग बदलला."

मग जेवण राहिलं बाजूला. त्याची धाकटी बहीण त्याच गावच्या ट्रेझरर ऑफिसात आहे, त्यामुळे गड्याला सगळं पाठ. लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने मला जे समजावलं ते असं.

त्यांच्याकडे प्रांत, शहरं आणि नगरपालिका या तिघांना वार्षिक उत्पन्नावरून पहिला ते पाचवा असा वर्ग देतात. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचा नवा कायदा झाला, रिपब्लिक ॲक्ट ११९६४. मागच्या तीन वर्षांच्या नियमित उत्पन्नाची सरासरी काढायची आणि पट्ट्यात बसवायचं. नगरपालिकेला सरासरी २० कोटी पेसो किंवा वर असेल तर पहिला वर्ग, १६ ते २० दुसरा, १३ ते १६ तिसरा, ९ ते १३ चौथा, ९ च्या खाली पाचवा. शहरांची उडी मोठी, पहिल्या वर्गासाठी १३० कोटी. प्रांताला १५० कोटी. (पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरा.) आणि हे दर तीन वर्षांनी आपोआप पुन्हा मोजायचं. नव्या कायद्याखालचे पहिले वर्ग १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

आता माझा प्रश्न. आपल्याकडे नगरपरिषदेचे अ, ब, क वर्ग असतात एवढं ऐकून माहीत आहे. ते उत्पन्नावरच असतात का? आणि उत्पन्न वाढून गाव "फर्स्ट क्लास" झालं, तर नळाला पाणी का येत नाही?

---

खडूस_पुणेकर
सोमवार, रात्री ११:५२

फ्लेक्सवर हसरा चेहरा आणि नळ कोरडा. अंतर किती हजार मैल म्हणालात?

---

नमुना_नऊ
मंगळवार, सकाळी ६:१५

दर्यावर्दी, छान विषय काढलात. मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं एका नगरपंचायतीत काढली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. आपल्याकडे नगरपरिषदेचा वर्ग डोकी मोजून ठरतो, पैसे मोजून नव्हे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात एक लाखावर लोकसंख्या म्हणजे अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब वर्ग, पंचवीस ते चाळीस हजार क वर्ग. त्याखाली दहा ते पंचवीस हजारांच्या, गावपण सोडून शहराकडे निघालेल्या वस्तीला नगरपंचायत. नगरसेवक किती, कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध (मंजूर पदं) केवढा, मुख्याधिकारी कोणत्या दर्जाचा, हे या वर्गावर ठरतं.

आता यातली गंमत बघा. माथेरानची लोकवस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. गिरिस्थान म्हणून नगरपरिषद मिळाली, पण वर्ग क. शनिवार-रविवारी दस्तुरी नाक्यावर उभे राहा, प्रवासी कराच्या पावत्या फाडणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. गावात राहणारी माणसं मोजली की क वर्ग, पण कचरा करणारी माणसं मोजली तर आकडा कुठल्या कुठे जाईल. तिथे फिलिपिनो पद्धत लावली तर चित्र वेगळं दिसेल असं मला वाटतं.

दुसरं, आपली लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेवर उभी आहे. २०२१ ची झालीच नाही. मधल्या काळात महामार्गाला लागून फुगलेली गावं कागदावर तेवढीच आहेत. वर्ग जुना, आकृतिबंध जुना, आणि कचऱ्याचा ढीग मात्र आजचा.

---

आकडेमोड
मंगळवार, दुपारी १:३०

काका, मापं शिळी होण्याचा रोग त्यांनाही होता, आणि आपल्यापेक्षा जुनाट.

आधीची पद्धत १९८७ ची. कोराझोन अक्विनो अध्यक्ष असताना त्यांच्या हुकुमाने सुरू झाली. तेव्हा सहा वर्ग होते आणि दर चार वर्षांनी फेरवर्गीकरण व्हायचं होतं. पट्टे शेवटचे बदलले २००८ मध्ये. तेव्हा नगरपालिकेला पहिल्या वर्गासाठी साडेपाच कोटी पेसो पुरत होते आणि दीड कोटीच्या खाली सहावा वर्ग. पुढची सोळा वर्षं ते पट्टे तसेच.

आता उत्पन्नात काय काय धरतात ते बघू, कारण दर्यावर्दींच्या कोरड्या नळाचं उत्तर तिथे आहे. घरपट्टी, व्यवसाय कर, परवान्यांची फी, बाजारातल्या गाळ्यांचं भाडं हे गावचं स्वतःचं. त्याशिवाय केंद्राच्या करांतला वाटा, ज्याला ते नॅशनल टॅक्स अलॉटमेंट म्हणतात, तोही धरतात. खाण असेल तर नैसर्गिक संपत्तीचा हिस्साही. एकदाच मिळालेली मदत, कर्ज, जमीन विकून आलेले पैसे मात्र वगळतात.

म्हणजे वर्ग ठरतो तो तिजोरीत किती पडलं यावर. ते कुणी टाकलं हे विचारत नाहीत.

हा वाटा वाटायचं सूत्र १९९१ च्या त्यांच्या स्थानिक शासन संहितेत आहे. एकूण रकमेतले २३ टक्के प्रांतांना, २३ शहरांना, ३४ नगरपालिकांना, २० टक्के बारांगायना (बारांगाय म्हणजे आपली ग्रामपंचायत किंवा वॉर्ड, जे जवळचं वाटेल ते). मग नगरपालिकांच्या त्या ३४ टक्क्यांची वाटणी: निम्मी लोकसंख्येवर, पाव क्षेत्रफळावर, आणि उरलेली पाव सगळ्यांना समान. लहानमोठं न बघता.

हा "समान पाव" धरून काल रात्री हिशोब केला. २०२२ साली एकूण वाटप सुमारे ९५,९०० कोटी पेसो होतं. त्याचे ३४ टक्के म्हणजे ३२,६०० कोटी. त्यातला पाव म्हणजे ८,१५० कोटी. तेव्हा नगरपालिका होत्या १,४८८. भागाकार करा: प्रत्येकी जवळपास साडेपाच कोटी.

साडेपाच कोटी! म्हणजे ज्या उंबरठ्यावर २००८ चा "पहिला वर्ग" सुरू होत होता, बरोबर तेवढी रक्कम प्रत्येक नगरपालिकेला नुसती अस्तित्वात असल्याबद्दल मिळत होती. लोकसंख्येचे आणि जमिनीचे वेगळे. गावात एकानेही घरपट्टी भरली नाही तरी गाव फर्स्ट क्लास. अशा मापाला माप म्हणायचं कसं? नवा कायदा यायलाच हवा होता.

---

नमुना_नऊ
मंगळवार, दुपारी ३:०५

हा हिशोब मी दोनदा करून पाहिला. बरोबर आहे. नोकरीत असताना तुमच्यासारखा माणूस लेखापरीक्षणाला आला नाही हे माझं नशीब!

---

खडूस_पुणेकर
मंगळवार, दुपारी ३:२०

एका वर्षात वाटप एवढं फुगलं कसं पण? २०२२ मध्ये काय लॉटरी लागली?

---

आकडेमोड
मंगळवार, संध्याकाळी ७:४५

लॉटरी नाही, कोर्ट. बातांगास प्रांताचे एक नेते, हर्मिलांडो मांडानास, सर्वोच्च न्यायालयात गेले होते. संहितेप्रमाणे स्थानिक संस्थांना ४० टक्के वाटा मिळायचा, पण तो फक्त अंतर्गत महसुलातला. सीमाशुल्क वगैरे केंद्र स्वतःकडे ठेवत होतं. त्यांचं म्हणणं होतं की संविधानात "राष्ट्रीय कर" म्हटलंय, तेव्हा सगळे कर धरा. जुलै २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अमलात आला. म्हणून ती उडी.

पुढचं वर्ष त्याहून बोलकं आहे. वाटा तीन वर्षांपूर्वीच्या करवसुलीवर काढतात. २०२२ चा निघाला २०१९ च्या वसुलीवर, म्हणजे चांगल्या वर्षावर. २०२३ चा काढायचा तो २०२० वर, आणि २०२० ला काय होतं ते सांगायला नको. आकडा ९५,९०० वरून ८२,००० कोटींवर आला. लॉकडाऊन उठून जमाना झाल्यावर त्याचा फटका गावाच्या तिजोरीत पोचला! एकाच वर्षाच्या उत्पन्नावर वर्ग दिला असता तर निम्मी गावं वरखाली झाली असती. तीन वर्षांची सरासरी धरतात त्याचा उपयोग इथे कळतो.

---

लेकीची_आई_नगर
मंगळवार, रात्री ९:१०

माझी भाची दावाओला एमबीबीएस करतेय, तिच्या बॅचला महाराष्ट्रातली बरीच मुलं आहेत. ती सांगते की दावाओ "हायली अर्बनाइज्ड सिटी" आहे. ते या पहिल्या-दुसऱ्या वर्गातलंच काही आहे का? मला घोळ होतोय.

---

आकडेमोड
मंगळवार, रात्री ९:४०

ताई, घोळ सगळ्यांचाच होतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "हायली अर्बनाइज्ड" हा शहराचा प्रकार. त्याला किमान दोन लाख वस्ती आणि १९९१ च्या किमतींनुसार पाच कोटी पेसो उत्पन्न लागतं. असं शहर प्रांताच्या अखत्यारीतून बाहेर पडतं. आपली महापालिका जिल्हा परिषदेला उत्तर देत नाही, साधारण तसंच. पहिला-दुसरा वर्ग ही वेगळी पट्टी आहे, ती फक्त उत्पन्नाची.

दोन्ही पट्ट्या वेगळ्या आहेत हे बघायचं असेल तर पातेरोस. मेट्रो मनिलात सोळा शहरं आणि एकच नगरपालिका, ती ही. पासिग आणि तागिगसारख्या बड्या शेजाऱ्यांत अडकलेलं जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं गाव, बदकाच्या बालुत अंड्यांसाठी (आत पिल्लू वाढू लागल्यावर उकडलेली) प्रसिद्ध. वर्ग पहिला, पण आजही नगरपालिकाच.

---

दर्यावर्दी
बुधवार, पहाटे ४:२५

वॉच संपवून आलो. बालुत मी एकदा खाल्लंय. त्यावर वेगळा धागा काढेन, इथे जेवणारी माणसं आहेत.

बोसनला तुमचे साडेपाच कोटी सांगितले. तो हसला नाही, नुसती मान हलवली. म्हणाला, दहा पेसोतले नऊ मनिलाहून येतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. गावात एक पेट्रोल पंप, एक गहाणवटीचं दुकान, दोन बेकऱ्या. कर लावणार कुणावर? नारळावर?

मग त्याने पगाराचं सांगितलं. त्याच्या बहिणीला वर्गाशी देणंघेणं आहे ते यासाठीच. केंद्राच्या कारकुनाला जो पगार, त्याच्या किती टक्क्यांपर्यंत नगरपालिकेचा कारकून जाऊ शकतो, हे वर्गावर ठरतं. पहिल्या वर्गाच्या नगरपालिकेत ९० टक्के, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ८०, असं पाच-पाचने उतरत जुन्या सहाव्या वर्गात ६५. प्रांत आणि शहरांना प्रत्येक पायरीवर दहा जास्त, पहिल्या वर्गात पूर्ण शंभर. म्हणजे तीच फाईल, तोच शिक्का, तेच आठ तास, पण खाडीपलीकडच्या गावात वर्ग वरचा तर पगार जास्त. बहीण बरीच वर्षं हे ऐकून आहे, शेजारच्या गावातली तिची मैत्रीण दर डिसेंबरात ऐकवते.

म्हणून तो फ्लेक्स लागला तेव्हा नळाला पाणी येवो न येवो, ऑफिसात मात्र पान्सित (त्यांच्या शेवया, आनंदाला करतात) शिजलं.

---

विदर्भकन्या
बुधवार, सकाळी १०:००

मला हे सगळं उलटं वाटतं. ज्या गावाची तिजोरी रिकामी तिथेच चांगला माणूस हवा, आणि तिथेच पगार कमी. मग चांगला माणूस कशाला थांबेल? तालुक्याला बदली मागेल. वर्ग देणं म्हणजे गरीब गावाच्या कपाळावर गोंदणं झालं.

---

नमुना_नऊ
बुधवार, सकाळी ११:१५

मुली, तुझं बरोबर आहे, पण दुसरी बाजू पण ऐक. मी तीस वर्षं वसुली केली. मार्च उजाडला की नमुना ९ ची (करमागणीची) नोंदवही काखेत आणि पावती पुस्तक पिशवीत घेऊन दारोदार. चहा सगळे पाजायचे. पैशाचं काढलं की "साहेब, ऊस गेला की बघू". ज्या ग्रामपंचायतीची वसुली चांगली, तिथे कामगाराचा पगार वेळेवर व्हायचा, बाकीच्यांचे चार-चार महिने थकायचे. तेव्हा उत्पन्नाकडे बघायचंच नाही असं म्हणून चालत नाही. जे गावाला झेपत नाही तो पगार कागदावर लिहून काय उपयोग?

माझी हरकत वेगळी आहे. त्यांच्या मापात वसुली करणारा आणि न करणारा यांत फरकच दिसत नाही. मनिलाचा पैसा आणि घरपट्टीचा पैसा एकाच गोणीत. मी गावचा ट्रेझरर असतो तर मार्चमध्ये कशाला उन्हात फिरलो असतो?

आणि आपणही फार टेंभा मिरवायला नको. नगरपरिषदांची जकात १९९९ ला गेली, त्याबदली शासनाचं सहायक अनुदान. महापालिकांची जकात, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर), मग जीएसटी, आणि त्याबदली दरवर्षी आठ टक्के वाढवून नुकसानभरपाई. उद्या आपल्याकडे उत्पन्नावर वर्ग द्यायचे म्हटले तर बऱ्याच "अ वर्गां"ची तिजोरी मंत्रालयातून भरलेली निघेल.

---

कावेरीकाठ
बुधवार, संध्याकाळी ५:५०

तंजावरहून नमस्कार. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागे इथे आले ते राहिलेच, त्यामुळे माझ्या मराठीला हसू नका.

उत्पन्नावर वर्ग द्यायला फिलिपाइन्सपर्यंत जायची गरज नाही. तमिळनाडूत नगरपालिका आणि पेरूराट्चि (म्हणजे नगरपंचायत) यांना उत्पन्नावरूनच श्रेणी देतात: दुसरी, पहिली, निवड आणि विशेष श्रेणी. आमचं तंजावर २०१४ मध्ये महापालिका झालं, त्याआधी विशेष श्रेणीची नगरपालिका होतं. शाळेत होतो तेव्हा आम्हाला वाटायचं बृहदीश्वराच्या देवळामुळे "विशेष". खरं कारण वडिलांनी सांगितलं तेव्हा फार विरस झाला.

---

खडूस_पुणेकर
बुधवार, संध्याकाळी ६:१०

@कावेरीकाठ, तुमची मराठी आमच्या पेठेतल्या निम्म्या फलकांपेक्षा शुद्ध आहे.

---

वकीलीण
बुधवार, रात्री १०:३०

नमुना_नऊ काकांची "एकाच गोणीत" ही तक्रार फिलिपिनो संसदेनेही एका ठिकाणी ऐकली आहे. गावाला शहर व्हायचं असेल तेव्हा.

आधी शहर व्हायला दोन कोटी पेसो उत्पन्न पुरायचं, आणि त्यात केंद्राचा वाटा धरायचा असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं. मग जो तो शहर व्हायला धावला. २००१ मध्ये कायदा बदलला: सलग दोन वर्षं दहा कोटी, आणि तेही गावाने स्वतः कमावलेले. मनिलाचा पैसा मोजायचा नाही.

धावपळ कशासाठी ते आकडेमोड यांच्या सूत्रात दिसेल. नगरपालिकांच्या ३४ टक्क्यांवर दीड हजारांच्या आसपास तोंडं. शहरांच्या २३ टक्क्यांवर आज १४९. पंगत बदलली की पानात पडणारं बदलतं. आणि नवं शहर पंगतीत बसलं की जुन्या शहरांच्या पानातलं कमी होतं, कारण पातेलं तेवढंच.

म्हणून २००७ मध्ये संसदेने सोळा गावांना दहा कोटींच्या अटीतून सूट देऊन शहर केलं तेव्हा जुन्या शहरांची संघटना कोर्टात गेली. पुढे जे झालं ते आम्ही वकील लोक एकमेकांना सांगून हसतो. नोव्हेंबर २००८: कायदे घटनाबाह्य. डिसेंबर २००९: वैध. ऑगस्ट २०१०: पुन्हा घटनाबाह्य. फेब्रुवारी २०११: पुन्हा वैध. तेच न्यायालय, तेच सोळा कायदे. लेयते बेटावरचं बायबाय, सेबूतलं कारकार, सामारमधलं काताबालोगन ही त्यातलीच. एवढ्या काळात तिथल्या नगरपालिकेने लेटरहेड किती वेळा छापले असतील हा माझा खरा प्रश्न आहे. दर्यावर्दी, बोसन सामारचे ना, त्यांना विचारा.

---

विदर्भकन्या
गुरुवार, सकाळी ९:२०

सामारचं नाव निघालंय तर एक. २०१० च्या त्यांच्या आपत्ती कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने नियमित उत्पन्नाच्या किमान पाच टक्के रक्कम आपत्तीसाठी बाजूला ठेवायची, आणि त्यातली तीस टक्के तातडीच्या मदतीसाठी राखून ठेवायची. नऊ कोटींच्या गावाला पाच टक्के म्हणजे ४५ लाख पेसो, त्यातले तातडीचे साडेतेरा लाख. वीस कोटींच्या गावाला एक कोटी, तातडीचे तीस लाख.

८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान वादळ (ते योलांडा म्हणतात) पहिल्यांदा जमिनीवर आलं ते पूर्व सामारमधल्या गिवानला. पॅसिफिकच्या तोंडावर बसलेली ही किनाऱ्यावरची गावं. जिथे वादळं जास्त तिथे व्यापार कमी, व्यापार कमी म्हणून उत्पन्न कमी, उत्पन्न कमी म्हणून वादळाचा निधीही कमी. तांदळाची पोती आणि पत्रे काही वर्ग बघून स्वस्त मिळत नाहीत.

काका, तुमच्या वसुलीला उत्तर म्हणून नाही लिहिलं हे. पण साडेतेरा लाखांत एका गावाची किती छपरं पुन्हा होतील याचा हिशोब मला जमला नाही.

---

नमुना_नऊ
गुरुवार, सकाळी १०:४०

नाही होणार. २००५ च्या पुरात आमच्याकडे पंचनाम्यांनाच किती दिवस गेले ते मला आठवतंय. तुझा मुद्दा मान्य.

---

आकडेमोड
गुरुवार, दुपारी २:१५

पगाराकडे परत येतो, कारण काल रात्री एक मजेशीर कलम हाती लागलं. दर्यावर्दी, बोसनच्या बहिणीला जरूर विचारा.

वर्ग चढला की पगाराची कमाल मर्यादा वाढते हे खरं. पण त्याच संहितेत दुसरी मर्यादा आहे: आस्थापनेवर (म्हणजे पगार-भत्त्यांवर) एकूण किती खर्च करायचा. पहिल्या ते तिसऱ्या वर्गाला आदल्या वर्षीच्या नियमित उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत, चौथ्या आणि खालच्यांना ५५ टक्क्यांपर्यंत. गरीब गावात कचेरी चालवायलाच बहुतेक पैसा लागतो, म्हणून त्यांना सैल.

म्हणजे चौथ्या वर्गातलं गाव वर चढलं की एका हाताने "पगार वाढवा" आणि दुसऱ्या हाताने "खर्चाची टक्केवारी दहाने कमी करा". उत्पन्न खूप वाढून वर्ग चढला असेल तर निभावतं. उंबरठ्यावरून जेमतेम पाय टाकला असेल तर मात्र पान्सित जरा लवकर शिजवलं म्हणायचं.

---

खडूस_पुणेकर
गुरुवार, दुपारी २:३०

फ्लेक्सचा खर्च आस्थापनेत धरतात का?

---

दर्यावर्दी
शनिवार, रात्री १०:०५

दोन दिवस नेट नव्हतं. आज सिंगापूरला बंकरिंगला (इंधन भरायला) थांबलोय, सगळा क्रू डेकवर फोन घेऊन उभा आहे.

वकीलीण ताई, लेटरहेडचं विचारलं. काताबालोगनबद्दल बोसन म्हणाला, कोर्टात काय चाललं होतं ते कुणाला धड कळत नव्हतं, पण बसवर आधीही "काताबालोगन" होतं आणि नंतरही. बसवाल्यांनी शहाणपणा करून पुढे काही लिहिलंच नाही.

आकडेमोड, तुमचा ४५-५५ टक्क्यांचा प्रश्न त्याने माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर बहिणीला विचारला. त्यांच्या वाराय भाषेत दोघं बराच वेळ बोलले, मला फक्त "फर्स्ट क्लास" आणि तिचं हसू कळलं. मग त्याने मला सांगितलं. गाव आधी चौथ्यात होतं. पगाराचा नवा टप्पा द्यायचं कबूल झालंय, पण तो हप्त्याहप्त्याने मिळणार. आणि निवृत्त झालेल्या दोघांच्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलं.

मी विचारलं, मग त्यांचं काम कोण करतं? म्हणाला, दोन पोरं घेतली आहेत "जॉब ऑर्डर"वर, सहा-सहा महिन्यांच्या कागदावर. त्यांचे पैसे पगाराच्या खात्यात दाखवत नाहीत. इतर खर्चात दाखवतात, स्टेशनरी नि डिझेलच्या शेजारी.

---

नमुना_नऊ
शनिवार, रात्री १०:२०

आमच्याकडे त्याला "रोजंदारी" म्हणायचे. पाणीपुरवठ्याचा आमचा पोरगा अकरा वर्षं रोजंदारीवर होता. बोसनना माझा नमस्कार सांगा, आणि विचारा, त्यांच्याकडे दिवसाआड पाणी सोडायला जो माणूस जातो तो कुठल्या खात्यात आहे?

---

दर्यावर्दी
शनिवार, रात्री १०:३१

विचारलं काका. डिझेलच्या शेजारी.